कापलेला अर्धा दिवस

पाण्याच्या टाकीखालच्या थांब्याशी येताच ड्रायव्हरने उजवा पाय रस्त्यावर दाबला आणि तो थांबला. डावा हात आपोआप खाली जाऊन गिअरचा दांडा शोधू लागला. हाताला काहीच लागलं नाही तेव्हा त्याने तो पँटच्या खिशात घातला. बस नव्हती. ती कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी होती. तो घरून पायी निघाला होता, पण निघाला होता बसच्याच वेळेला आणि बसच्याच रस्त्याने.

थांब्यावर बाया उभ्या होत्या. सगळ्या शिलाई कारखान्यातल्या, हातात डबे घेतलेल्या. बस बंद झाल्याचं त्यांना आदल्या दिवशी सुट्टी होतानाच कळलं होतं. "डिझेल कुठल्या कुठे गेलंय. कंपनीला परवडत नाही. उद्यापासून आपापलं या," असं मॅनेजरने गेटवर उभं राहून सांगितलं होतं आणि तो आपल्या गाडीत बसून घरी गेला होता. तरी बाया रोजच्या जागीच येऊन उभ्या राहिल्या होत्या. कामावर जायचं म्हणजे आधी इथे उभं राहायचं, एवढंच त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

"आली बस," शिडी म्हणाली. ती बायांत सगळ्यात तरुण आणि ताडमाड उंच, म्हणून शिडी.

"कुठंय?" काजवाल्या मावशींनी डोळ्यांवर हात धरून विचारलं. कपड्यांना काजं करून करून त्यांना लांबचं धड दिसेनासं झालं होतं.

"ही काय, दोन पायांची. आणि मागं ड्रायव्हरीणबाई बसल्यात बघा."

ड्रायव्हरीण म्हणजे ड्रायव्हरची बायको. ती त्याच कारखान्यात कॉलर जोडायची. नवऱ्याच्या जिवावर पुढची जागा पटकावली असं कोणी म्हणू नये म्हणून ती बसमध्ये सगळ्यात मागच्या, हाडं खिळखिळी करणाऱ्या बाकावर बसायची. आता ती नवऱ्याच्या चार पावलं मागे उभी होती आणि हसत नव्हती.

"चला," ती म्हणाली. "उभं राहून पोचणार आहोत का?"

चालायला लागल्या तशा बाया आपापल्या जागांवर आल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण बसमध्ये जी जिच्या शेजारी बसायची ती तिच्याच शेजारी चालू लागली. पुढच्या थांब्यावरच्या बाया मधे घुसल्या तेव्हा थोडी कुरबुरही झाली. सावलीच्या बाजूला खिडकीची जागा समजून दोघींनी एकमेकींना कोपराने ढकललं. ड्रायव्हर सगळ्यांच्या पुढे, मान ताठ ठेवून, प्रत्येक वळणाआधी हात दाखवत चालला होता. त्याला कारखान्याने कामावरून काढलं नव्हतं. "माल चढवायला ये, रोजावर," असं म्हटलं होतं. स्टिअरिंग धरायचे पैसे वेगळे आणि खोकी उचलायचे वेगळे, आणि खोक्यांचे फार कमी. त्या रोजावर त्याला अजून नीट विचारही करवत नव्हता.

बाजारापाशी पोचल्यावर तो डावीकडे वळला. सगळ्या वळल्या. गोदामांच्या मागून, सरकारी दवाखान्याला वळसा घालून, पेट्रोल पंपावरून, धापा टाकत सगळ्या पुन्हा बाजाराच्या दुसऱ्या तोंडाशी आल्या, तेव्हा शिडी एकदम रस्त्यातच खाली बसली. काजवाल्या मावशींना वाटलं पोरीला चक्कर आली. ती हसत होती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"दादा," ती कसंबसं म्हणाली, "ही एकेरी वाहतूक गाड्यांना आहे हो! आपल्याला कोण अडवतंय?"

ड्रायव्हरने वळून पाहिलं. बाजाराची गल्ली सरळ, मोकळी, समोर पडली होती. एवढ्या बायांपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. रोजचा रस्ता अंगात इतका मुरला होता की पाय बसच्या चाकांसारखे वळले होते. सगळ्या हसल्या. ड्रायव्हर मात्र कानापर्यंत लाल झाला. त्या वळशापायी कारखान्याचा भोंगा झाल्यावर त्या गेटवर पोचल्या, आणि उशीर म्हणून प्रत्येकीचा अर्धा दिवस कापला गेला. काम मात्र पूर्ण दिवसाचं करून घेतलं गेलं. असाच नियम होता, आणि आजवर बस वेळेवर पोचत असल्यामुळे तो कधी कोणाच्या अंगावर आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या बाजारातून जाऊ लागल्या. कधी वेळेत पोचायच्या, कधी नाही. लवकर निघावं तर नळाला पाणी यायच्या आधी घर सोडता येत नव्हतं, आणि पाणी स्वतःच्या मर्जीने यायचं. शेअर रिक्षा होत्या, पण डिझेलबरोबर त्यांचंही भाडं वर गेलं होतं. रिक्षावाल्यांना तरी काय बोलणार, त्यांनाही टाकी भरायचीच होती. तेल, साबण, दूध, घरभाडं, सगळं गिअर टाकून पुढे पळत होतं आणि पगार तेवढा न्यूट्रलमध्ये उभा होता. हे वाक्य ड्रायव्हरचं. बायांना ते फार आवडलं, आणि मग चालताना चढ आला की कोणी ना कोणी ओरडायची, "न्यूट्रल काढा गं!"

हसू होतं, पण पाय सुजत होते. काजवाल्या मावशींचे गुडघे तर संध्याकाळी लाकडासारखे होत. शिडी त्यांना म्हणायची, "मावशी, तुम्ही रिक्षा करा, आम्ही वर्गणी काढतो." त्यावर मावशी तिला अशी काही शिवी हासडायच्या की पुढच्या थांब्यापर्यंत कोणी दयेची भाषा करायचं नाही.

एका दुपारी मॅनेजर माल चढवायच्या ओट्यावर आला. ड्रायव्हर पाठीवर खोकं घेऊन वाकला होता.

"तुझी पाठ याला बनलेली नाही रे," मॅनेजर म्हणाला. आवाजात खरोखरच कळवळा होता. "हे बघ, आपण बस पुन्हा चालू करतोय. डिझेलचं तेवढं बायांनी सोसायचं. पगारातून दर महिन्याला कापून घेऊ, त्यांना कळणारही नाही. पहिला आठवडा फुकट. तू त्यांना समजाव. तुझं ऐकतात त्या."

"आणि मी?"

"स्टिअरिंग तुझंच. पहिल्यासारखा पगार."

ड्रायव्हरने खोकं खाली ठेवलं. पहिल्यासारखा पगार म्हणताच त्याच्या पाठीतली कळ क्षणभर थांबली, हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि लाजही वाटली.

संध्याकाळी घरी त्याने विषय काढायला बराच वेळ लावला. बायको शेगडीपुढे बसली होती. भांड्याला उकळी आली की ती लगेच गॅस बंद करायची, भांडं उतरवून जुन्या रजईत गुंडाळायची आणि त्यावर उशी दाबून ठेवायची. आतल्या आत शिजायचं. गॅस महाग झाल्यापासून घरातलं निम्मं अन्न असं रजईतून बाहेर यायचं. रजईला त्याचा वास लागला होता, आणि रात्री पांघरताना उपाशी माणसालाही जेवल्यासारखं वाटेल असं ती म्हणायची.

त्याने मॅनेजरचं म्हणणं सांगितलं. किती कापणार तेही सांगितलं. बायकोने उशी नीट दाबली आणि मग बोटांवर मनाशी काहीतरी हिशेब केला.

"म्हणजे आठवड्यातला एक दिवस मी नुसतं बसमध्ये बसता यावं म्हणून शिवायचं," ती म्हणाली.

"पाय तर वाचतील."

"आणि तुमचा पगार कुठून येणार?"

"कंपनी देणार. कुठून म्हणजे काय?"

"अहो, कंपनी कशातून देणार? आमच्याकडून कापलेल्यातूनच ना! माझ्याच पदरचे पैसे घेऊन माझ्याच नवऱ्याला पगार म्हणून देणार, आणि वर तुम्ही त्यांना सलाम ठोकणार. मग मीच देते की. मला ठोका सलाम."

हिला वकील म्हणून कोर्टात उभी करायला हवी होती, असं त्याच्या मनात आलं. पण पाठ दुखत होती ती दुखतच होती, आणि तो चिडला.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "पण खोकी तू उचलत नाहीस."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून तेलाची बाटली आणली, त्याला पालथं झोपायला लावलं आणि गुडघा टेकून त्याची पाठ रगडू लागली. तेल महाग झालं होतं. तिने ते हातावर अगदी थोडं घेतलं, पण रगडलं मात्र जीव लावून.

"त्या बसायच्या नाहीत," रगडता रगडता ती म्हणाली. "मी उद्याच सांगते सगळ्यांना. फुकटच्या आठवड्यालाही नाही. आठवडाभर बसलं की पाय चालायचं विसरतात."

मॅनेजरने तिच्या म्हणण्याची वाट पाहिली नाही. एका संध्याकाळी, त्या दिवशीही बाया उशिरा पोचल्या होत्या आणि त्यांचा अर्धा दिवस गेला होता, त्याने ड्रायव्हरच्या हातात किल्ली ठेवली. "उद्या सकाळी गाडी काढ. प्रत्येक थांब्यावर उभी कर, दार उघड. त्या चालत निघाल्या तर बरोबरीने चालव. बघू किती वेळ चालतात."

सकाळी ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला तेव्हा त्याला फार बरं वाटलं, हे कबूल करायलाच हवं. आसनाचा खळगा त्याच्याच अंगाचा होता. इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. बायको त्याच्याआधीच घरून चालत निघून गेली होती.

टाकीखालच्या थांब्यावर त्याने बस उभी केली आणि दार उघडलं. बायांनी बसकडे पाहिलं, मग ड्रायव्हरिणीकडे. ती चालू लागली. एकेक करून सगळ्या निघाल्या. काजवाल्या मावशी मात्र दाराशी थांबल्या. त्यांनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला आणि आत आपल्या बाकाकडे बघत राहिल्या. पुढे गेलेल्या बाया थांबल्या. मावशी चढाव्यात की नाही, हे ड्रायव्हरचं त्यालाच कळत नव्हतं.

"दादा," मावशी म्हणाल्या, "तेवढा डबा ठेवू का आत? हाताला रग लागते."

"ठेवा की."

मावशींनी डबा आपल्या जागेवर नीट ठेवला आणि खाली उतरून, गुडघा चोळून, त्या चालू लागल्या. मग काय, सगळ्याच मागे फिरल्या. पुढच्या दारातून आत यायचं, आपापल्या जागेवर डबा ठेवायचा आणि मागच्या दारातून उतरायचं. शिडीने तर आपला डबा खिडकीशी ठेवून काच खाली केली. "वारा लागू दे त्याला," ती म्हणाली.

अशी बस निघाली. आत बाकाबाकावर डबे बसलेले आणि पुढे बाया चालताहेत. बाजाराच्या गल्लीत बस शिरणार नव्हती, म्हणून ड्रायव्हरने आपला तो जुना वळसा घेतला आणि पलीकडे त्यांना पुन्हा गाठलं. तिथून कारखान्यापर्यंत कालव्याकाठचा अरुंद रस्ता होता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गोदामांची लांबच लांब भिंत. बाया रस्ताभर पसरून चालत होत्या आणि मागून बस पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती. इंजिन तापत होतं. डिझेलचा काटा त्याच्या डोळ्यांदेखत खाली येत होता. ज्या डिझेलसाठी तो इतकी वर्षं उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, जीव मुठीत धरून बचत करत आला होता, ते आज असं जळताना पाहून त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट मजा वाटली.

मागे गाड्या साचल्या. आधी एक टेम्पो, मग आणखी काही, आणि मग हॉर्न वाजवून वाजवून घसा बसलेली मॅनेजरची गाडी. थोड्या वेळाने मॅनेजर स्वतःच चालत खिडकीखाली आला.

"पुढे काढ ना गाडी!"

"बाया आहेत साहेब पुढे."

"हॉर्न दे, बाजूला होतील. निघ तू, मला रस्ता दे. ऑर्डरचा ट्रक उभा आहे, दुपारी सुटायचाय तो. नाही सुटला तर दंड भरावा लागेल."

"मी कसा जाऊ, साहेब? तुम्हीच म्हणालात, बरोबरीनं चालव." ड्रायव्हरने मागे अंगठा दाखवला. "आणि डबे माझ्याकडे आहेत. बायांच्या आधी डबे पोचवून काय करू?"

मॅनेजरने टाचा उंचावून आत पाहिलं. खिडकीत शिडीचा डबा वारा खात होता. तेवढ्यात लांबून भोंगा ऐकू आला, आणि बाया, बस, टेम्पो, मॅनेजर, सगळे अजून कालव्यावरच होते.

गेटवर पोचेपर्यंत मॅनेजरच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याने गाडी तशीच रस्त्यात सोडली आणि वॉचमनला ओरडून सांगितलं, "सगळ्यांचा अर्धा दिवस. एकूण एक. या ड्रायव्हरचाही!"

बाया बसमध्ये चढून आपापले डबे घेऊन उतरल्या आणि रोजच्यासारख्या आत जायला वळल्या. ड्रायव्हरीण वळली नाही. ती भिंतीपाशी सावली होती तिकडे गेली, चपला काढल्या आणि खाली बसली.

"आता हे काय?" मॅनेजर म्हणाला.

"अर्धा दिवस कापलात ना, साहेब? मग तो माझा झाला. दुपारी येते आत."

"काम कोण करणार?"

"ज्याचा दिवस कापला नाही तो."

मग काजवाल्या मावशी कण्हत कण्हत तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग शिडी बसली, आणि तिच्या मागोमाग सगळ्या. दारातून आतली शिलाई मशीनं दिसत होती, रांगेने, गप्प. ओट्याला लागलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून गंमत बघत होता.

"तुमच्या जागेवर यायला गावभरच्या बाया तयार आहेत," मॅनेजर म्हणाला.

"असतील," ड्रायव्हरीण म्हणाली. "पण त्यांनाही चालतच यावं लागेल."

मॅनेजर ड्रायव्हरकडे वळला. आवाज खाली आणून, जवळजवळ समजावणीच्या सुरात म्हणाला, "तू तरी शहाण्यासारखा वाग. तुझा नाही कापत. बस शेडला लाव आणि ट्रकवर जा. स्टिअरिंगचं मी बघतो."

ड्रायव्हरच्या हातात अजून स्टिअरिंग होतं. त्याला भीती वाटत होती. घरभाड्याचं आठवलं, पाठ आठवली, खोक्यांचा तो रोजही जाईल हे आठवलं. बायको त्याच्याकडे पाहत नव्हती. ती डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते बघत होती. तिने पाहिलं असतं तर कदाचित त्याला जड गेलं असतं. त्याने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, खाली उतरला आणि किल्ली मॅनेजरच्या हातात दिली.

"माझाही कापा, साहेब," तो म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला. मावशींनी सरकून त्याला जागा करून दिली.

मॅनेजर फोन लावत रस्त्यात सोडलेल्या आपल्या गाडीपर्यंत गेला. लांबून त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मान हलताना दिसत होती, आधी नकाराची, मग नुसतीच. ट्रकवाल्याने उगाचच एकदा हॉर्न वाजवला. सावली भिंतीकडे सरकली तशा बायाही थोड्या सरकल्या.

मॅनेजर परत आला तेव्हा त्याने कपाळ पुसलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आजचा अर्धा दिवस कापत नाही. चला, उठा. चला आत."

दोघीतिघी उठायला लागल्या होत्या. ड्रायव्हरिणीने हात वर केला नाही, आवाजही चढवला नाही. पाय लांब करून ती आपले सुजलेले घोटे दाबत होती.

"आणि कालचा?" तिने विचारलं.

उठलेल्या बाया पुन्हा खाली बसल्या. ड्रायव्हरनेही पाय लांब केले.